वईवरची खाजकुयली आणि बाबांची गोळी

दसरा उलटला की आमच्या तळकोकणात वईवर, म्हणजे कुंपणावर, खाजकुयली लगडते. आधी गर्द जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात. अनोळखी माणसाला वाटावं, कुणीतरी हौसेने वेल चढवला आहे. मग शेंगा धरतात, दोन्ही टोकांना वळलेल्या, सोनेरी-तपकिरी लवेने मढलेल्या. शेंग वाळली की ही लव वाऱ्यावर सुटते आणि त्या बाजूने जाणाऱ्याची दैना होते. लवेतल्या बारीक केसांत म्युकुनेन नावाचं प्रथिनं विरघळवणारं द्रव्य असतं, ते कातडीत शिरतं आणि माणूस खाजवून खाजवून रडकुंडीला येतो. गुरांमागची पोरं त्यावर शेण चोळायची. या वेलाला आमच्याकडे कुणी प्रेमाने हात लावलेला मला आठवत नाही. भाताची कापणी झाली, की कोयत्याने लांबूनच तोडायचा आणि जाळून टाकायचा.

या वेलाची बी वैद्यकात मात्र फार जुनी आहे. आयुर्वेदात ती कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता, आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात कवचबीज. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोन संशोधकांनी या बियांतून एल-डोपा, म्हणजे लेव्होडोपा, वेगळं काढलं आणि तसा शोधनिबंध छापला. तेव्हा या पदार्थाचा रुग्णाला काय उपयोग, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझे बाबा आज दिवसातून चार वेळा जी गोळी घेतात, तिच्यातलं मुख्य औषध हेच.

बाबांना पार्किन्सन्स आहे. कंप पुष्कळ उशिरा आला. आता मागे वळून पाहिलं की खुणा आधीपासूनच होत्या असं डॉक्टर सांगतात, आणि आम्हालाही एकेक आठवत जाते. अंगणात बांगडे वाळत घातलेले असायचे आणि बाबांना वासच येत नसे. आई म्हणायची, सर्दी असेल. पोस्टातली सही बारीक बारीक होत गेली, शेवटची अक्षरं तर मुंगीएवढी. झोपेत ते ओरडायचे, हात झाडायचे. देवळात गाऱ्हाणं घालायला त्यांचा आवाज गावात नावाजलेला होता, तो हळूहळू आत ओढला गेला. मागे उभ्या असलेल्या माणसांना कळेना, ‘होय महाराजा’ नेमकं कुठे म्हणायचं. वास जाणं, अक्षर लहान होणं, आवाज खालावणं, बद्धकोष्ठ, झोपेतली धडपड, हे सगळं या आजारात कंपाच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकतं. गावात हे कुणालातरी ठाऊक असतं, तर बरं झालं असतं.

मेंदूच्या खोलवरच्या एका भागातल्या, हालचालींचे निरोप पोचवणारं डोपामीन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून हे होतं. डोपामीन थेट देऊन चालत नाही, रक्तातून ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. पण वाटेत, आतड्यात आणि रक्तातच त्याचं बरंचसं रूपांतर होऊन जातं, त्याने मळमळतं, उलट्या होतात. म्हणून गोळीत सोबत कार्बीडोपा घालतात. ते मेंदूबाहेरचं रूपांतर रोखतं. बाबांची ‘एकशेदहाची’ गोळी म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बीडोपा. न्यूरोलॉजिस्टने ती सुरू केली आणि पंधरवड्यात बाबा आपल्या हाताने शर्टाची बटणं लावू लागले. आईने त्या दिवशी देवाला पेढे ठेवले.

शेजारचे आबा एका संध्याकाळी कागदाच्या पुडीत पावडर घेऊन आले. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पडवीत बसता बसताच म्हणाले, “अरे, ह्या तुझ्या गोळयेतला औषध तुझ्याच वंयर लोंबता मरे! गोव्याक कित्याक धावतंस?”

आबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तेच अवघड होतं. जडीबुटी म्हणजे थोतांड, असं म्हणून पुडी परत करणं सोपं गेलं असतं. पण बाबांच्या गोळीची आणि त्या बीची नाळ खरोखरच एक आहे. बाबा पुडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “गोळयेन बरा वाटता माका. पण ती उतारली काय पाय जमनीक चिकाटतत. ह्या घेतलंय तर काय होयत?”

मला हा प्रश्न फार नेमका वाटला. निसर्गातलं चांगलं की कारखान्यातलं, या वादात पडून काही हाती लागत नाही. बाबा विचारत होते, मी हे घेतलं तर मला काय होईल? औषधाच्या संशोधनाने उत्तर द्यायचं ते याच प्रश्नाचं.

पुढच्या खेपेला आम्ही ती पुडी गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ती उघडून पाहिली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: “आणलीत ते बरं केलंत. बरेच जण घेतात आणि सांगत नाहीत.” मग त्यांनी समजावलं. बीमध्ये लेव्होडोपा साधारण शेकडा चार ते सहा, पण जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे कमीजास्त. दुकानातल्या पावडरीत किती, ते पुडीवर लिहिलेलं नसतं. म्हणजे एक चमचा पावडर ही अर्धी गोळीही असू शकते आणि दोन गोळ्याही. बाबांची मात्रा चिमटीने वाढवत नेलेली. त्यावर हा अंदाजाचा चमचा पडला, तर अंग वळवळायला लागेल, रक्तदाब उतरून चक्कर येईल, मनात भलतेसलते भास उठतील. आणि बीमध्ये कार्बीडोपा नाही, तेव्हा नुसत्या बीवर राहायचं तर पोटाचे हाल.

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. कवचबीज संशोधकांनी वाऱ्यावर सोडलेलं नाही, उलट चांगलं पारखलं आहे. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांना वेगवेगळ्या दिवशी कधी नेहमीचं औषध, कधी कवचबीजाची पावडर दिली आणि कधी काय दिलं ते रुग्णालाही कळू दिलं नाही. तीस ग्रॅम पावडरीचा गुण सरासरी ३५ मिनिटांत दिसला, गोळीचा ६८ मिनिटांत. पावडरीचा असर गोळीपेक्षा ३७ मिनिटं जास्त टिकला. ज्याच्या घरात पार्किन्सन्सचं माणूस आहे, त्यालाच कळेल ही ३७ मिनिटं म्हणजे काय. तेवढ्यात आंघोळ होते, देवपूजा होते, कुणाच्या आधाराशिवाय परड्यात एक फेरी होते.

हे वाचून मी आबांच्या बाजूला झुकले होते. मग पुढचं वाचलं. बोलिव्हियात इटालियन डॉक्टरांनी हाच प्रश्न गरिबांसाठी हाती घेतला. ज्यांना जन्मभराच्या गोळ्या परवडत नाहीत, त्यांना भाजून दळलेली ही बी देता येईल का? २०१७ साली छापलेल्या अभ्यासात अठरा रुग्णांवर एकेका मात्रेचे निकाल चांगले आले. पण रोज घ्यायचं ठरवून सोळा आठवड्यांचा प्रयोग केला, तेव्हा चौदांपैकी सात जणांनी ती मध्येच सोडली. चौघांना पोटाचा त्रास, तिघांच्या हालचाली बिघडत गेल्या. एका दिवसाचं उत्तर आणि चार महिन्यांचं उत्तर असं वेगळं निघालं. ज्यांनी तो दुसरा प्रयोग केला आणि स्वतःच्या आशेविरुद्ध गेलेला निकाल जसाच्या तसा छापला, त्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आणखी एक गोष्ट वाचताना सापडली, तिने मला कितीतरी वेळ खिळवून ठेवलं. आमच्या सह्याद्रीच्या रानातलं दुसरं झाड, सर्पगंधा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पन्नास रुग्णांवरचा अभ्यास छापला आणि सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे जगाला दाखवलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन काढलं गेलं. रक्तदाबावर आणि मनाच्या आजारांवर ते जगभर वापरलं गेलं. पण काही रुग्ण उदास होऊ लागले, काहींचं अंग आखडलं, चेहरा थिजला, चाल घासू लागली. पार्किन्सन्ससारखंच. पुढे कळलं, की रिसर्पिन मेंदूतला डोपामीनचा साठाच रिकामा करतं.

स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. हे १९५७ सालचं. पुढे व्हिएन्नात हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांच्या मेंदूत डोपामीन कमी पडलेलं दाखवलं, साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोत्सियास यांनी थोड्या मात्रेपासून हळूहळू चढवत भरपूर एल-डोपा पोटातून द्यायची रीत बसवली आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. सर्पगंधेतलं द्रव्य माणसाला जागीच थिजवतं, आणि ज्याने ती थिज उतरते ते खाजकुयलीच्या बीमध्ये आहे. दोन्ही आपल्याच मातीतली. ‘वनस्पतीचं औषध आहे, अपाय काही नाही’ असं कुणी म्हणालं की मला ते पडलेले ससे आठवतात. ज्यात गुण आहे, त्यात अपायाचीही ताकद असतेच.

हे गोळ्यांनाही तितकंच लागू आहे, आणि याची झळ आम्ही सोसली आहे. एकदा बाबांना उलट्या झाल्या म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं गेलं. रात्रीपर्यंत बाबा लाकडासारखे ताठ झाले, घोट गिळता येईना. हे औषध मेंदूत डोपामीनचीच वाट अडवतं. पार्किन्सन्सच्या रुग्णाला ते द्यायचं नसतं. चक्करेसाठी सर्रास दिली जाणारी सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन यांचंही तेच. गावातली कितीतरी म्हातारी माणसं ‘चक्करेची गोळी’ वर्षानुवर्षं घेतात, कुणी सांगितली होती तेही विसरून जातात, आणि हात थरथरू लागले की वयावर ढकलतात. त्यांतल्या काहींचा कंप गोळी बंद करून ओसरू शकतो. आता बाबांच्या खिशात मी एक चिठ्ठी ठेवते. त्यावर आजाराचं नाव, गोळ्यांच्या वेळा आणि ‘ही औषधं देऊ नका’ अशी यादी. हे वाचणाऱ्या ज्याच्या घरी असा रुग्ण असेल, त्याने आजच अशी चिठ्ठी लिहावी.

मग ताटातलं. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं ते प्रथिनांच्याच दारातून. प्रथिनांची गर्दी असेल तर औषध मागे राहतं. आमच्या घरात दुपारचं जेवण म्हणजे भात आणि माशाची कढी, बरोबर तळलेली तुकडी. बाबांची दुपारची गोळी जेवणाबरोबर असायची आणि दुपारीच त्यांचे पाय सगळ्यात जास्त अडायचे. आईला वाटायचं, जेवणाची सुस्ती. डॉक्टरीणबाईंनी वेळा लिहून ठेवायला सांगितलं. मी वहीत दोन रकाने आखले: गोळी कधी, पाय कधी मोकळे. आठवडाभराच्या नोंदी पाहून त्यांनी एवढंच केलं, की गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी आणली आणि मासा रात्रीवर नेला. मात्रा वाढवली नाही, नवं औषध दिलं नाही. दुपार मोकळी झाली. बाबांचा मासा सोडायचा नाही, ही आईची अटही पाळली गेली. मालवणी माणसाला मासे बंद करा म्हणून सांगणारा डॉक्टर त्याचा आजार जाणत असेल, माणूस जाणत नाही.

पार्किन्सन्समध्ये विश्वासाचंही मोजमाप झालेलं आहे. २००१ साली व्हँकूव्हरच्या संशोधकांनी रुग्णांना औषधाऐवजी नुसतं खोटं औषध टोचून मेंदूचं चित्र घेतलं. गुण येणार या नुसत्या अपेक्षेने मेंदूत खरोखरचं डोपामीन सुटलेलं दिसलं. २०१५ मध्ये अमेरिकेत बारा रुग्णांना मिठाच्या पाण्याची दोन इंजेक्शनं दिली, एक स्वस्त आणि एक फार महागडं औषध आहे असं सांगून. महागड्या पाण्याने गुण जास्त आला! आबांच्या पावडरीने कुणाला बरं वाटलं असेल, तर तो माणूस खोटं बोलत नाही. त्याला खरंच बरं वाटलेलं असतं. म्हणूनच तर बरोबरीने खोटी पुडी दिल्याशिवाय खऱ्या पुडीची पारख होत नाही. आणि म्हणूनच गावकऱ्यांनी रवळनाथासमोर बाबांसाठी गाऱ्हाणं घातलं, तेव्हा मी हात जोडून उभी राहिले आणि बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांना त्या दिवशी बरं वाटलं. गोळी त्यांनी वेळेवरच घेतली होती.

गाऱ्हाण्याचा उपयोग आम्हाला पुढे आणखी एका तऱ्हेने झाला. या आजारात आवाज बारीक होतो, आणि रुग्णाला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय. त्यावर उपाय म्हणजे मुद्दाम मोठ्याने, छाती भरून बोलण्याचा रोजचा सराव. त्याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे, पण ती शिकवणारं माणूस आमच्यापासून फार लांब. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, काका, तुम्हाला मोठ्याने काय म्हणता येतं? बाबांनी त्याच्यासमोर गाऱ्हाण्याची सुरुवात केली. तो मुलगा कणकवलीकडचा, त्याने लगेच ‘होय महाराजा’ म्हणून साथ दिली. आता रोज सकाळी गोळी चढली की बाबा पडवीत उभे राहून गाऱ्हाणं घालतात. शेजारून आबांचा ‘होय महाराजा’ आला नाही, तर आवाज पोचला नाही असं समजून पुन्हा म्हणतात.

पाय चिकटण्यावरही असाच तोडगा निघाला. माजघराच्या दारात बाबांचे पाय खिळतात, पुढे पडतच नाहीत, आणि तेच बाबा अंगणातल्या चिऱ्याच्या पायऱ्या न अडखळता चढतात. सवयीने आपोआप पडणारं पाऊल ज्या वाटेने चालतं ती वाट आजाराने मोडलेली असते. डोळ्यासमोर आखलेली रेघ असेल किंवा कानावर ठेका पडत असेल, तर मेंदू दुसरी वाट धरतो. जमिनीवर पट्ट्या आखल्या की पार्किन्सन्सचे रुग्ण मोकळे चालतात, हे जुनं निरीक्षण आहे. ठेक्यावर चालण्याचा सराव केल्याने पाऊल लांबतं आणि वेग वाढतो, हे नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. आम्ही दारासमोर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारले. आई भजनाला टाळ वाजवते, तिने एक ठेका धरला. त्या ठेक्यावर बाबा घरभर फिरतात. पुण्यात तर या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालतात आणि तिथल्या मित्रमंडळात रुग्ण आणि घरचे मिळून एकमेकांना धीर देतात. तालुक्याच्या गावात असं काही उभं राहणं आम्हाला फार हवं आहे. तपासणीसाठी पहाटे उठून दुसऱ्या राज्यात जायचं, तर वाटेतच एक गोळी उतरून जाते.

कवचबीजाची पुडी बाबांनी घेतली नाही. डॉक्टरीणबाईंनी दार मात्र बंद केलं नाही. ज्या दिवशी प्रमाण मोजून छापलेलं, दर पुडीत सारखं असलेलं चूर्ण मिळेल, त्या दिवशी पुन्हा बोलू, असं म्हणाल्या. हे काम इथे होण्यासारखं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणच्या आंब्या-भातासाठी आयुष्यं खर्ची घालणारी माणसं पाहिली आहेत. रानटी खाजकुयलीच्या बिया गावागावातून जमवून, कुठल्या वाणात लेव्होडोपा किती आणि शोधनात दुधात शिजवल्यावर त्यातलं किती उरतं, हे मोजून मांडलं, तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही एकाच आकड्यावर बोलता येईल. आयुर्वेदाच्या महाविद्यालयातला पदव्युत्तर विद्यार्थी, वैद्यकीय महाविद्यालयातला न्यूरोलॉजिस्ट आणि शेतीतला रसायनशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले पाहिजेत. अशी मागणी कुठल्या दारात करायची, हे मी शोधते आहे.

बाबांची पुढची तपासणी पावसाच्या आधी आहे. वहीत दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत. पहाटेच्या गोळीचा असर न्याहारीआधीच संपतो, त्यावर मात्रा वाढवायची की दोन गोळ्यांमधलं अंतर कमी करायचं? आणि आईने गेल्या महिन्यापासून लोहाची गोळी बाबांनाही सुरू केली आहे. ती लेव्होडोपाला बांधून ठेवते असं मी वाचलं, तर दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवू?